सातव्या काचेवरचा पाऊस

नेचेघराच्या, म्हणजे फर्नच्या झाडांसाठी बांधलेल्या त्या जुन्या काचघराच्या, छपराला चौदाशे बारा काचा होत्या आणि त्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती. बागेच्या फाटकातून पाहणाऱ्याला ते छप्पर म्हणजे उतारावर विसावलेला एकच मोठा बुडबुडा वाटे. पण परांचीवर चढून नाक काचेजवळ नेले की प्रत्येकीचा स्वभाव निराळा दिसे. कुणाच्या पोटात हवेचे बारीक मणी होते, कुणात संथ पाण्यावर उठते तशी वळी होती, कुणाला हिरवट झाक होती. दीडशे वर्षांपूर्वी माणसांनी छातीतला श्वास घालून फुंकलेली ती काच होती. मर्डो गिलिसला कधीकधी वाटे की आपण छप्पर दुरुस्त करत नाही. कुणाचे तरी जुने श्वास धुऊन पुन्हा जागेवर ठेवतो आहोत. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. तो मुळातच थोडे बोले.

काम साधे होते आणि सावकाशीचे. काच उतरवायची, तिच्यावर खडूने आकडा घालायचा, जुनी पुट्टी खरवडायची, लोखंडी फासळ्यांचा गंज काढून त्यांना रंग द्यायचा आणि जवसाच्या तेलात मळलेल्या नव्या पुट्टीत तीच काच त्याच जागी बसवायची. किलब्रॅनॉकचे नेचेघर वारसा यादीत अगदी वरच्या वर्गात होते. शाबूत असलेली एकही जुनी काच बदलायची नाही, ही वारसा खात्याची पहिली अट होती.

मर्डोला या कामात सर्वांत प्रिय होता तो काचेचा कोपरा. या धंद्यात एक रीत होती. काच बसवण्याआधी बसवणारा हिरकणीने, काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाने, तिच्या खालच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरे कोरी, आणि मग त्यावर पुट्टी चढे. ती अक्षरे मालकाला दिसत नसत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नसत. पुढे कधीतरी, पन्नास नाहीतर शंभर वर्षांनी, दुसरा कुणी काचकामगार ती काच उतरवी आणि पुट्टी खरवडताना त्याला ती अक्षरे भेटत. तेवढीच ओळख, तेवढाच नमस्कार. या छपरावर मर्डोला सहा माणसे भेटली होती. त्यांतला आर. एम. सगळ्यांत जुना, त्याच्या ‘एम’चा शेवटचा पाय मासेमारीच्या गळासारखा वर वळलेला असे.

मर्डोचा उस्ताद आर्ची टेनंट एकोणसत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. बाहेरच्या शिडीवर मर्डो चढे. आर्ची आतल्या परांचीवर स्टूल टाकून बसे आणि खालून बोलत राही. हे छप्पर त्याचे शेवटचे. ते पुरे झाले की तो वारसा खात्याला पत्र लिहिणार होता: यापुढे या किनाऱ्यावरची जुनी छपरे मर्डो गिलिसच्या हाती निर्धास्त द्यावीत. असे पत्र असल्याशिवाय यादीतल्या इमारतीला कुणी हात लावू देत नसे. मर्डो बारा वर्षे त्या पत्रासाठी काम करत होता. तीस वर्षांच्या त्या अबोल माणसाला जगाकडून दुसरे काहीच नको होते.

घुमटाच्या माथ्याभोवती बारा वाकवलेल्या काचा होत्या. युद्धाच्या काळात अकरा फुटल्या, नंतर नव्या बसल्या. मूळची एकच उरली होती, सातवी. खात्याच्या नोंदवहीत तिच्यासाठी वेगळे पान होते.

ती मर्डोच्या हातून फुटली.

फेब्रुवारीतली सकाळ होती, गवतावर दहिवर गोठले होते. आर्ची रंग आणायला गावात गेला होता. जुनी पुट्टी वाफेने मऊ करावी लागते, पण थंड काचेला एकदम वाफ दाखवायची नसते; ऊन येऊन ती कोमट होईपर्यंत थांबायचे असते. “काच आणि सासू,” आर्ची नेहमी म्हणे, “दोघींना आधी ऊन द्यावं, मग तोंड उघडावं.” मर्डोला हे पाठ होते. पण आर्ची परत यायच्या आत सातवी काच आपण एकट्याने उतरवून दाखवावी, असे त्याच्या मनाने घेतले, आणि ऊन यायला अजून तासभर अवकाश होता.

आवाज अगदी बारीक झाला. पातळ बर्फावर पाऊल पडते तेवढाच.

अकरा तुकडे. त्याने ते एकेक करून खाली आणले. कोपऱ्याच्या तुकड्यावर आर. एम. होते आणि गळासारखा वळलेला पाय होता. करड्या कांबळ्यात गुंडाळून त्याने ते आपल्या गाडीत ठेवले, वरच्या रिकाम्या चौकटीवर निळी ताडपत्री बांधली आणि आर्ची आल्यावर सांगितले, “सातवी वर्कशॉपवर नेऊन ठेवली. तिथे नीट धुता येईल.”

“अख्खी उतरली?”

“हो.”

“शाब्बास,” आर्ची म्हणाला, आणि त्याने मर्डोच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मर्डोला दिवसभर जाणवत राहिली.

त्याच संध्याकाळी त्याने यॉर्कशरमधल्या एका काच वाकवणाऱ्याला चौकटीची मापे कळवली आणि जुन्यासारखी दिसणारी काच मागवली. दहा दिवस लागणार होते. दहा दिवस ताडपत्री टिकायला हवी होती.

ती चार दिवस टिकली.

रविवारी रात्री खाडीवरून वादळ आले. सोमवारी सकाळी मर्डो फाटकातून धावत आत शिरला तेव्हा ताडपत्री रोडोडेंड्रॉनच्या झुडपावर पसरलेली होती. चौकटीच्या बरोबर खाली ‘विधवा’ उभी होती. ती म्हणजे मूळच्या लागवडीतला, माणसाच्या दुप्पट उंचीचा, झाडासारखा वाढलेला नेचा. टास्मानियाहून जहाजातून जोडी निघाली होती. जोडीदार वाटेत मेला म्हणून हिचे नाव विधवा. एक कडक थंडीची रात्र आत शिरली तर ती काळी पडेल, हे बागेतल्या सर्वांना ठाऊक होते.

ऊना बेअर्ड पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. नेचेघर गेली तीस वर्षे तिच्या ताब्यात होते, आणि इथे येणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी पाहुणा होता, तोही नको असलेला.

“तुझी ताडपत्री झुडपावर बसलीय,” ती म्हणाली. “मी म्हटलं राहू दे. फुलं यायला अजून दोन महिने आहेत, तोवर तेवढाच रंग.”

“आत पाणी आलं?”

“कुठलं पाणी?”

मर्डो पायऱ्या उतरून आत गेला. ओल्या मातीचा, शेवाळाचा, जुन्या दगडाचा वास नेहमीसारखाच होता. विधवा पंख पसरून उभी होती. तिच्या खालची फरशी कोरडी होती. त्याने गुडघ्यावर बसून फरशीवर तळहात टेकला.

“उलट मलाच झारी घेऊन यावं लागलं,” ऊना मागून म्हणाली. “काय शोधतोयस? अंगठी पडली का?”

“रात्री थंडी किती होती?”

“पहाटे बाहेर उणे चार. आत नऊ.” तिने खांबावरच्या तापमापीकडे बोट केले. “नेहमीसारखीच. का रे?”

वाऱ्याची दिशा, मर्डोने स्वतःला सांगितले. पाऊस आडवा असेल, घुमटावरून उडून गेला असेल. थंडीचे मात्र त्याला काही सांगता येईना. त्याने ताडपत्री पुन्हा बांधायला घेतली, आणि मग, का ते त्यालाही कळले नाही, ती घडी करून खाली ठेवली. आर्चीला त्याने सांगितले की वर पातळ प्लॅस्टिक ताणून लावले आहे.

“बरं केलंस,” आर्ची म्हणाला. त्याला आता लांबचे दिसत नसे.

त्या संध्याकाळी गाडीतले कांबळे मर्डोच्या हाताला ओले लागले. गाडीचे छत गळत असेल म्हणून त्याने रबर तपासले. ते ठीक होते. त्याने तुकडे वर्कशॉपमध्ये नेले, कोरड्या फडताळात वरच्या फळीवर ठेवले आणि कांबळे शेगडीजवळ वाळवून पुन्हा त्यांना गुंडाळले. मंगळवारी दिवसभर पाऊस होता. बुधवारी सकाळी कांबळे पुन्हा ओले होते. शेजारी खिळ्यांचा पत्र्याचा डबा होता. त्यावरची धूळ जशीच्या तशी होती.

बुधवारी दुपारी ऊनाने त्याला हाक मारली. हाक हळू होती, आणि ऊना कधी हळू बोलत नसे.

“पोरा. इकडे ये. वर बघ, आणि आवाज करू नकोस.”

घुमटाच्या माथ्यावर एक सीगल उभा होता. ते पक्षी रोजच येत, काचेवर फडाफडा पाय आपटत. हा मात्र सातव्या चौकटीत उभा होता. पाय फासळीवर नव्हते, अगदी मधोमध होते. त्याचे गुलाबी, पडदे असलेले पाय खालून स्वच्छ दिसत होते. ते टेकलेले होते, चपटे झाले होते. बोटांच्या मधला पडदा ताणून पसरला होता, जसा तो काचेवर पसरतो. त्याच्या पायांखालून आभाळाचा तुकडा दिसत होता, आणि बाकीच्या काचांतून आभाळ जेवढे किंचित हलते तेवढे ते इथेही हलत होते.

दोघे कितीतरी वेळ मान वर करून उभे राहिले. पक्ष्याने चोच पिसांत खुपसली, एक पाय वर घेतला, परत टेकला. त्या टेकण्याचा आवाज आला. टक्.

“तुझं प्लॅस्टिक चांगलं आहे हं,” ऊना म्हणाली. तिचा स्वर थट्टेचा होता, पण चहाचा कप तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

मर्डो अजून त्या पायांकडेच पाहत होता.

“तीस वर्षं मी या छपराखाली आहे,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “मला विचारशील तर हे छप्पर आपल्याला काय वाटतं याची पर्वा करत नाही. तू नीट राहा म्हणजे झालं.”

सीगल उडाला. खाली काही पडले नाही.

शुक्रवारी दुपारी पाऊस आला, बारीक, सरळ, वाऱ्याशिवायचा. आर्ची गाडीत बसून सॉसेज घातलेला पाव खात होता, रेडिओ लावला होता. ऊना कुंड्यांच्या खोलीत होती. मर्डो आतल्या परांचीवरून वर चढला, शेवटच्या फळीवर उताणा झोपला. चौकट त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती.

थेंब वरून येत होते, आणि जिथे काच असायला हवी होती तिथे थांबत होते.

थेंब येई, चपटा होई, पसरे, क्षणभर थरथरे. शेजारचा थेंब त्याला येऊन मिळे. मग दोघे मिळून उताराने खाली सरकत आणि खालच्या खऱ्या काचेवर जाऊन पुढे वाहत. जुन्या सातव्या काचेला डाव्या कडेजवळ एक वळी होती. मर्डोने ती पहिल्याच दिवशी बोटाने चाचपली होती. पाणी त्या जागी येऊन किंचित वळसा घेई. आताही घेत होते. रिकाम्या हवेत पाणी आपला जुना रस्ता आठवत होते.

मर्डोने डोक्यावरची लोकरी टोपी काढली. भीती त्याला वाटत नव्हती. लहानपणी, तो वाढला त्या बेटावर, आजारी असल्यामुळे उशिरा, तो एकटाच चर्चमध्ये शिरला होता; आत सगळे उभे राहून गात होते आणि कुणालाही तो आल्याचे कळले नव्हते. आत्ता तसेच वाटत होते. फार मोठे काही चालू होते. ते त्याच्यासाठी नव्हते, त्याच्याविरुद्धही नव्हते.

त्याने हात वर नेला. कशालाच लागला नाही. बोटे गेली, तळहात गेला, मनगटापर्यंत हात बाहेर गेला. गार हवा लागली. पाऊस बोटांवर पडू लागला. पाऊस खरेच पडतो आहे का हे पाहणारा माणूस करतो तसे त्याने मनगट फिरवून तळहात आभाळाकडे केला, आणि तळव्यात पाणी साचले.

आणि त्या मनगटाभोवती, जिथे काच नव्हती तिथे, पाणी दुभंगून वाहत होते. नदीत रोवलेल्या खुंटाभोवती वाहते तसे. मनगटाएवढे एक कोरडे वर्तुळ, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी सरकणारे थेंब.

त्याने हात मागे घेतला. वर्तुळ मिटले.

फळीवर तो तसाच पडून राहिला. आपण सांगायला हवे, हा विचार त्याला त्या वेळी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आला. पण आर्चीच्या गाडीतून रेडिओवरचे गाणे ऐकू येत होते, आणि त्या गाण्याबरोबर आर्ची बेसूर शीळ घालत होता. इतका सुखी माणूस. मर्डो खाली उतरला आणि पुढच्या काचेची पुट्टी खरवडू लागला.

यॉर्कशरची काच रविवारी आली. वाक अचूक होता, झाकही बरीचशी जुळली होती. वर्कशॉपमध्ये, खिडकीच्या उजेडात, मर्डोने हिरकणी हातात घेतली. पुट्टी चढल्यावर कोपरा कुणाला दिसणार नव्हता. पण त्याआधी काच आर्चीच्या हातून जाणार होती, आणि आर्चीचा अंगठा डोळ्यांहून चांगले वाचत असे. दुसऱ्याचे नाव कोरायला मर्डोला पाऊण तास लागला. ‘एम’चा पाय गळासारखा वर वळवून झाल्यावर त्याने हिरकणी टेबलाच्या टोकापर्यंत दूर सारली.

मंगळवारी ती बसवायची ठरली. आभाळ भरून आले होते. मर्डो बाहेर शिडीवर होता, आर्ची आत वरच्या फळीवर; गुडघ्यांना शिव्या देत तो आज वर चढला होता, कारण माथ्याची काच दोघांनीच बसवायची असते, एकाने वरून ठेवायची, एकाने खालून सांगायचे. ऊना विधवेजवळ उभी राहून दोघांवर नजर ठेवत होती.

खाचेत पुट्टीचा गादीसारखा थर दिला. आर्चीने काच हातात घेतली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि ती चौकटीतून वर दिली. मर्डोने ती जागेवर ठेवली आणि दाबली.

ती बसली नाही.

“दाब की,” आर्ची म्हणाला.

“दाबतोय.”

“पुट्टीला लागलेलीच नाही अजून. मला खालून फट दिसतेय.”

“किती?”

आर्चीने फटीत नख घालून पाहिले. “काचेच्या जाडीएवढी. चारी बाजूंनी सारखी.”

काच उचलली, खाच तपासली. खडा नव्हता, खिळा नव्हता. पुन्हा ठेवली. पुन्हा तेवढीच फट. काच अधांतरी होती, आणि तरीही हलत नव्हती. कशावर तरी ती सपाट टेकली होती. पाऊस सुरू झाला.

“गंमतच आहे,” आर्ची म्हणाला. “दीडशे वर्षं जी काच इथे बसली, ती धुतल्यावर फुगते होय रे? ऊने, तुझ्या लोकरीच्या स्वेटरसारखं झालं हे.”

“स्वेटर आटतो, म्हाताऱ्या. फुगत नाही,” ऊना खालून ओरडली. “सत्तरीला आलास तरी तुला एक स्वेटर धुता आला नाही वाटतं!”

आर्ची हसला. मग त्याचे हसू थांबले. त्याने बोट वर नेऊन नव्या काचेला खालून स्पर्श केला, मग खाचेला, मग पुन्हा काचेला. कधी नव्हे तो त्याचा आवाज उतरला.

“मर्डो. इथे आधीच एक काच बसलेली असावी तसं हे आहे.”

मर्डोने शिडीवरून खाली पाहिले. दोघांच्या मध्ये ती नवी काच होती, आणि तिच्यातून आर्चीचा वर वळलेला चेहरा दिसत होता. म्हातारा, विश्वासाने भरलेला, आणि आता थोडा घाबरलेला.

“आर्ची,” तो म्हणाला. “ही ती काच नाही.”

पाऊस वाजत होता.

“ती फुटली. माझ्या हातून. त्या दहिवराच्या सकाळी. ऊन यायची वाट पाहिली नाही, वाफ दिली. तुम्हाला खोटं सांगितलं. ही यॉर्कशरची आहे. कोपऱ्यातलं नाव मी कोरलंय.”

आर्चीने चष्मा काढला. खिशातल्या फडक्याने पुसला. परत घातला.

“किती तुकडे?”

“अकरा.”

“सगळे आहेत?”

“सगळे.”

“हं.” आर्ची बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. “काच कोणाच्याही हातून फुटते, पोरा. माझ्या हातून किती फुटल्या ते मोजलं तर दुसरं नेचेघर होईल. पण मेलेल्या माणसाचं नाव...” त्याने वाक्य पुरे केले नाही. “उचल ती.”

मर्डोने काच उचलली.

आणि खाली ऊना किंचाळली.

“गळतंय! अरे, आता गळतंय!”

चौकटीतून पाऊस आत येत होता. सरळ, मोकळा, कुठेही न थांबता. तो आर्चीच्या टकलावर पडला, त्याच्या चष्म्यावर पडला, त्याच्यामागे वीस फूट खाली गेला आणि विधवेच्या पानांवर वाजू लागला. बारा दिवसांत पहिल्यांदा. ऊनाने दोन्ही हात पसरून त्या झाडाला आडोसा द्यायचा वेडा प्रयत्न केला. बाहेरची थंडी लोखंडी फासळ्यांमधून आत उतरताना मर्डोला दिसत होती. आतली उबदार हवा धुक्यासारखी वर येऊन त्याच्या तोंडावर फुटत होती.

“माझी हिरकणी घे,” आर्ची म्हणाला आणि ती त्याने चौकटीतून वर दिली. लाकडी मुठीची, पन्नास वर्षे वापरलेली. “ती अक्षरं खोड. तुझं नाव घाल. लवकर.”

पावसात, शिडीवर, गुडघ्यावर काच तोलून मर्डोने आर. एम. वर एक रेघ मारली आणि खाली कोरले: एम. जी. अक्षरे वाकडी आली. सुबक करायला वेळ नव्हता.

त्याने काच ठेवली. ती पुट्टीत उतरली. ओल्या वाळूवर पाऊल रुतते तसा मऊ आवाज झाला, चारी कडांनी पुट्टी सारखी वर आली, आणि पाऊस थांबला. बाहेर तो पडतच होता. आत थांबला.

मग ऊनाने खालून विचारले, “झालं का तुमचं?”

“झालं,” आर्ची म्हणाला. मर्डोकडे न पाहता तो म्हणाला, “पत्र मी लिहीन. पण हे सगळं त्यात असेल. वहीतही जाईल. सातवी काच, मूळची, मर्डो गिलिसच्या हातून फुटली. ते पान तुझ्यापेक्षा जास्त जगेल. तरीही कुणी काम दिलं तर कर.”

“बरं,” मर्डो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि छाती हलकी झाली होती. या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकतात हे त्याला माहीत नव्हते.

“आणि त्या तुकड्यांचं चित्र काढून ठेव. मापासकट. खात्याला लागेल.” खाली उतरता उतरता आर्ची थांबला. “मघाशी ती फट. तू पाहिलीस ना?”

“पाहिली.”

“मग ते मी वहीत लिहीत नाही,” आर्ची म्हणाला.

दुपारी चारच्या सुमारास आभाळ निवळले. मर्डो धक्क्याजवळच्या वर्कशॉपमध्ये आला तेव्हा उतरते ऊन खिडकीतून टेबलावर पडले होते आणि बाहेर खाडीचे पाणी लख्ख चमकत होते. त्याने फडताळातून कांबळे काढले. आज ते कोरडे होते. सकाळच्या पावसानंतरही कोरडे. संपले सगळे, असे त्याला वाटले, आणि त्याला थोडे वाईटही वाटले.

त्याने अकरा तुकडे टेबलावर मांडले, कडेला कड लावून. एक कपचीही हरवली नव्हती. डाव्या बाजूला ती वळी होती. कोपऱ्यात आर. एम. होते. मर्डोने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मनातल्या मनात माफी मागितली. मग पेन्सिल घेऊन तो चित्र काढू लागला.

चौथा तुकडा काढत असताना काचेवर एक थेंब दिसला.

त्याने वर पाहिले. छताचे पत्रे कोरडे होते. खिडकीबाहेर ऊन होते.

दुसरा थेंब आला. चपटा झाला, पसरला, पहिल्याला मिळाला. मग पुष्कळ आले. टेबल सपाट होते, तरी पाणी उताराने सरकू लागले. तड्यांवरून, जणू तडे नव्हतेच, अखंड. वळीपाशी येऊन त्याने किंचित वळसा घेतला. काचेच्या कडेबाहेर लाकडावर एक टिपूसही नव्हता.

मर्डोने पेन्सिल खाली ठेवली. आपले दोन्ही हात त्याने टेबलावर, उन्हात, डोळ्यांसमोर ठेवले.

काचेच्या मधोमध पाणी दुभंगले.

तिथे एक कोरडे वर्तुळ होते. मनगटाएवढे. थेंब त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत होते.

मग ते वर्तुळ हळूच फिरले, पाऊस खरेच पडतो आहे का हे पाहणाऱ्या माणसाचे मनगट फिरते तसे.